प्रभूपुढची आमची हजेरी

देवाला नवस बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण देवाला रोज सकाळी ड्यूटी लावून देणारी व्यक्ती सगळ्या पाथरीत एकच होती, आणि ती म्हणजे आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या नर्स, सगळ्यांच्या सिस्टर. जालन्याकडच्या एका ख्रिस्ती घरातून त्या तरुणपणी इकडं आल्या आणि नोकरीचं उभं आयुष्य त्यांनी इथंच काढलं. मी त्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी बसतो. सकाळी दार उघडलं की कुणी काही करायच्या आधी सिस्टर मधोमध उभ्या राहत, डोक्यावर पदर घेत आणि दिवसभराच्या कामासाठी प्रार्थना सुरू करत. तोवर कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्यामुळं आम्ही सगळे, अगदी डॉक्टरीणबाईसुद्धा, हात जोडून उभे. डॉक्टरीणबाईंचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता, पण किल्ल्यांवर होता.

प्रार्थनेची सुरुवात चर्चमधल्या शुद्ध मराठीत व्हायची. "हे स्वर्गीय पित्या, हा नवा दिवस तू आम्हांस दाखविलास म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो." इथवर आवाजही वेगळा, भारदस्त. पण कामाचा विषय निघाला की बोलणं सरळ आमच्या परभणीच्या मराठीवर उतरायचं. "आज बाजार हाय बापा. गर्दी लय व्हायची. सगळ्यांना एकदमच नको पाठवू, जरा दम खाऊन पाठव." मग इन्व्हर्टरची बॅटरी, आटत चाललेली बोअर, गळकी टाकी, सगळं त्याच्या कानावर घातलं जायचं. एकदा प्रार्थना चालू असतानाच दिवस भरलेली एक बाई धापा टाकत आत आली. सिस्टर म्हणाल्या, "बापा, जरा थांब." त्यांनी बाईला खुर्ची दिली, पाणी पाजलं, नाडी बघितली आणि परत जागेवर येऊन आम्हालाच विचारलं, "हां, कुठवर आलते मी?" बॅटरीपर्यंत, असं मीच सांगितलं.

खरी पंचाईत होती नावांची. सिस्टर कुणाला तोंडावर कधी रागावल्या नाहीत. त्या प्रभूला सांगायच्या, आणि आम्ही शेजारीच उभे असायचो. "ह्या कंपाउंडरच्या जिभेला जरा गोडवा दे. काल एका म्हातारीवर वसकन ओरडला." मी ओरडलो नव्हतो, म्हातारीला ऐकू येत नव्हतं; पण प्रार्थनेच्या मध्येच खुलासा कसा करणार? डॉक्टरीणबाईंच्या रागाचा विषय अधूनमधून निघायचाच. बाई ओठ आवळून ऐकून घेत आणि आमेन झालं की तितक्याच रागानं म्हणत, "झालं? द्या किल्ल्या." झाडलोट करणाऱ्या मावशी उशिरा आल्या तर दारातूनच हळू आवाजात विचारायच्या, माझं नाव होऊन गेलं का म्हणून. सगळ्यांची नावं होत. सिस्टरचं स्वतःचं नाव तेवढं कधी आलं नाही, आणि ते आमच्याही कधी लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. ऊसतोडीला निघालेल्या बायका जायच्या आधी तपासून घ्यायला येतात, काहींची बाळंतपणं त्याच धावपळीत होतात. अशाच एका वर्षी सिस्टर सुट्टी न घेता सलग कामावर होत्या. पाय सुजले होते, तरी चपला सैल करून चालत होत्या. त्यात एका बाईचं बाळ पोटातच गेलं. ती आमच्याकडं पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिस्टरनीच त्या बाळाला पुसलं, धुतलेल्या कापडात गुंडाळलं आणि त्याच्या बापाच्या हातात दिलं. दिवसभर त्या कामापुरतंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे उभे राहिलो. बाहेर पायरीपर्यंत बायका बसल्या होत्या. सिस्टरनी पदर घेतला, डोळे मिटले, "हे स्वर्गीय पित्या" म्हणाल्या आणि थांबल्या. आम्ही वाट बघितली. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "बापा, आज मला काय मागावं ते सुचंना. दमले मी."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून ती कालची बाई भिंतीला धरत धरत आली. रोज विठोबाला हात जोडणारी ती शेतकऱ्याची बायको. सिस्टरचा देव कुठं असतो तेही तिला माहीत नसावं. तिनं छताकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, "देवा, ह्या सिस्टरला जरा बसाय सांग. कालपासून उभीच हाय ती."

सिस्टरनी डोळे उघडले. त्या बाईचा हात धरून तिला बाकड्यावर बसवलं आणि स्वतःही तिच्याशेजारी बसल्या. डॉक्टरीणबाईंनी स्वतः दोघींसाठी चहा आणला. कपभर चहा संपेपर्यंत दार लोटून ठेवलं. आमेन म्हणायचं त्या दिवशी राहूनच गेलं. मग दार उघडलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला मान वर करायला वेळ मिळाला नाही.

पुढं निवृत्त झाल्यावर सिस्टर मुलाकडं पुण्याला गेल्या. उंच इमारत, लिफ्ट, दारावर पहारा. मागच्या महिन्यात मी फोन केला. काय चाललंय विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी डोळे मिटून बसते रे. पण कुणासाठी काय मागावं? इथं सगळे बरे हायेत." आवाजात तक्रार होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी माझं सांगितलं. आताशा सकाळी उठवत नाही, दुपारपर्यंतच गळून जायला होतं. साखर तपासली का, त्यांनी लगेच विचारलं. नाही म्हणालो. "बरं, उद्याच तपास," त्या म्हणाल्या. मग पलीकडून डोक्यावर पदर घेतल्यासारखी सळसळ आली आणि पुढं काहीच ऐकू येईना. फोन कट झाला असेल असं आधी वाटलं, पण झाला नव्हता. खिडकीशी चिठ्ठ्या घेऊन माणसं उभी होती. मी त्यांना हातानंच जरा थांबा म्हणालो आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला.