काळी पाचचा हट्ट

संगीत नाटकांत मी बारा वर्षं नायिकेची पदं गायले, तीही कायम काळी पाचमध्ये. पेटीची ही पट्टी माझ्या गळ्याला उंचच पडायची, पण आमच्या मंडळीत पट्टी उतरवणं म्हणजे हार मानणं. एका प्रयोगाआधी माझा घसा बसला होता. ऑर्गन वाजवणाऱ्या काकांनी हळूच विचारलं, "बाई, सूर जरा खाली घेऊ का?" मी त्यांच्यावर डाफरले. पद रंगलं, 'वन्स मोअर' आला. मी हट्टाने पुन्हा गायले आणि भर तानेत आवाज चिरला. डॉक्टरांनी सहा महिने मौन सांगितलं. नाट्यगृह भरून टाकणारा आवाज काही परत आला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही बेंगळुरूला, जयनगरात आलो. गाणं सुटलं म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटायचे, मला त्यांचा रागच यायचा. मी दारावर पाटी लावली, 'गाणे शिकवले जाईल'. खाली तेच शेजाऱ्यांकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं.

महिन्याभराने पहिली शिष्या आली. बेळगावकडची, तिशीची, बँकेत नोकरी करणारी. संध्याकाळी बँकेतून थेट यायची. मी स्वतः गाऊन दाखवत नसे. चिरलेला आवाज कुणाला ऐकवायचा नव्हता. पेटीवर सूर धरायचे, ती म्हणायची. पट्टी अर्थातच काळी पाच.

तिचा आवाज भरदार होता, पण वर गेली की गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. एकदा तिने भीतभीत विचारलं, "अक्का, स्वल्प खाली घेऊ काय?"

"मुळीच नाही. रियाज कमी पडतोय तुझा."

"सरी, बरं," म्हणाली आणि मान खाली घालून पुन्हा गाऊ लागली.

पुढच्या आठवड्यात ती आली तीच खाकरत. बोलताना निम्मे शब्द उमटतच नव्हते. ती खरखर मी ओळखली. तिचा गळा जाणार होता आणि तो मी घालवत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पंधरा दिवस गायचं नाही, असं बजावून मी तिला घरी पाठवलं.

ती परत आली तेव्हा आवाज मोकळा झाला होता. मी पेटीचा भाता बंदच ठेवला. "तुला सोसेल तो सा लाव," म्हटलं, "पेटी तुझ्यामागून येईल."

तिने सा लावला. तो काळी तीनवर सापडला. पण पाठ झालेलं पद नव्या पट्टीत तिला उचलता येईना. "तुम्हीच म्हणून दाखवा की," ती म्हणाली.

आता सबब नव्हती. ते पद माझा आवाज चिरला त्या प्रयोगातलंच; मी ते काळी तीनमध्ये धरलं. आवाज जाडाभरडा निघाला. मग तान घेतली, ती चिरली नाही.

ती म्हणाली, "अजून एकदा म्हणा की, अक्का."

मी पुन्हा म्हटलं. काळी तीनमध्येच.