बाबांच्या झोपेतली बस

यंत्रांना शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातली मोठी पंचाईत अशी, की यंत्राला आधी मांजर ओळखायला शिकवलं आणि मग ट्रक, तर ट्रकच्या नादात ते मांजर साफ विसरतं. माणसाचं सहसा तसं होत नाही. आपण झोपलो तरी मेंदू जुन्याची उजळणी करत राहतो. म्हणून आम्ही यंत्रालाही मध्येमध्ये 'झोपवतो', म्हणजे नवं थांबवून जुनं थोडं थोडं त्याच्यासमोरून फिरवतो.

कारंज्याला घरी आल्यावर हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे मशीन झोपते अन् पगार तुले भेटते?"

बाबा नागपूर-अमरावती बसवर कंडक्टर होते. रिटायर झाले तरी दुपारी दिवाणावर आडवे झाले की झोपेतच ड्युटी सुरू. "कोंढाळी! कोंढाळीवाले पुढं या!" मग कारंजा, तळेगाव, तिवसा. शेजारच्या काकू म्हणत, "तुमच्या घरी साखर मागाले आलं का अमरावती फिरूनच जा लागते." माझ्या यंत्राचे गुरू कारंज्यात घोरतात, असं मीही ऑफिसात सांगून हशा मिळवायची.

या दिवाळीला मात्र ती मस्करी मला करवेना. दूध आणायला गेलेले बाबा आमचीच गल्ली चुकले. डॉक्टर म्हणाले, सध्या लक्ष ठेवा. मला भीती वाटली. यंत्र विसरलं तर मी पुन्हा पहिल्यापासून शिकवते. बाबांचं मी काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. कोंढाळी झाली. मी वाट पाहत राहिले.

"तळेगाव! चला, तळेगाव उतरा!"

कारंजा आलंच नाही. स्वतःचं गाव, उभ्या नोकरीत रोज लागलेलं. माझे डोळे भरून आले.

आई पलीकडे मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं हाक दिली, "अजी, कारंजा राह्यलं नं! मले अन् पोरीले काऊन तळेगावले नेता?"

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. झोपेतच हात वर गेला आणि नसलेली घंटीची दोरी त्यांनी एकदा ओढली. गाडी थांबली.

"कारंजा," ते वैतागून म्हणाले, "लवकर उतरा."

तेव्हापासून आई भाजी दुपारीच निवडते, दिवाणापाशी बसून.