पुढच्या चाकांचा आकडा

आर्वीहून तळेगावकडे निघालं की गावाबाहेर एक धर्मकाटा लागतो. तिथं तानबा काकाजींनी एकोणीस वर्षं ट्रक तोलले. सकाळी काट्याच्या लोखंडी पाटावर पाणी शिंपडायचं, उदबत्ती ओवाळायची, आकडा शून्यावर आहे ना ते पाहायचं. त्याशिवाय पहिली गाडी चढू देत नसत. तोलणाऱ्याच्या हाताकडे देव पाहतो, असं ते मानत.

त्यांना एक सवय होती. पुढची चाकं काट्यावर आली की गाडी थांबवायची, आकडा वहीत लिहायचा, मगच सगळी गाडी वर घ्यायची. पावतीवर छापून येई ते फक्त एकूण वजन. वहीबद्दल कोणी विचारत नसे.

श्रावणातल्या एका दुपारी मुकेश ट्रक घेऊन आला. तेलघाणीचं जड यंत्र पार मागच्या फाळक्याला टेकवलेलं. पुढची चाकं चढली आणि आकडा आला बावीसशे किलो. काकाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रिकाम्या ट्रकच्याही पुढच्या चाकांवर तीन हजार असतात!

"मुकेश, गाडीचं तोंड उचललं बावा. यंत्र पुढं घे. घाटात स्टेअरिंग ऐकणार नाई."

"सेठनंच मागं ठेवाले लावलं, उतरवाले सोपं म्हणून. आता क्रेन कुठून आणू? टोटल किती?"

"सोळा टन."

"मंग पास हाय ना! तुमाले पावती द्याले बसवलं का जोतिष पाह्याले?" मुकेश खदखदून हसला.

मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. काकाजींनी शिक्का मारला. "हळू जाजो," एवढंच म्हणाले.

घाटातल्या दुसऱ्या वळणावर ट्रक वळलाच नाही. मुकेश जागीच गेला.

पंचनाम्याला पावती जोडली गेली. वजन नियमात होतं. ट्रकचा मालक सेठ म्हणाला, ड्रायव्हर बेफाम हाकत होता. गावानंही तेच धरलं.

तेरवी झाल्यावर मुकेशची बायको सपना काट्यावर आली.

"काकाजी, त्यायचीच चूक होती का? शाळेत पोट्टे लेकीले म्हणतात, तुह्या बापानं गाडी पाडली."

काकाजींनी वही पुढ्यात ओढली. मग पान उघडून त्यांनी तो आकडा दाखवला, त्याचा अर्थ सांगितला.

"म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"होतं, माय."

"मंग पावती काऊन देली?"

काकाजींनी वही मिटली. सपना उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी वही ठाण्यात नेऊन दिली आणि जबाब लिहून दिला: यंत्र सेठनं मागं ठेवायला लावलं होतं, धोका मला दिसला होता, तरी मी पावती दिली. काट्याच्या मालकानं त्यांना त्याच आठवड्यात घरी बसवलं.

लेकीला आता शाळेत कोणी काही म्हणत नाही. बाजारात काकाजी समोर दिसले की सपना दुसऱ्या ओळीत वळते. नवऱ्याला सावधही केलं नाही असं तिनं मनात धरलंय, ते त्यांना ठाऊक आहे. पण आपण मुकेशला आधीच सांगितलं होतं आणि तो हसला होता, हे त्यांनी जबाबात लिहिलं नाही. सपनाला तर नाहीच. रोज देवापुढं बसले की तेवढं मात्र बोलतात.