खाजऱ्या कुत्र्यांचं पथ्यपाणी

जनावरांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात आणि टेबलावर बसतात. त्यातही खाजऱ्या कुत्र्यांचे तर विचारूच नका! सडक अर्जुनीला माझा छोटासा दवाखाना आहे, शनिवारी मी गोंदियाला बसते आणि दोन्हीकडे माझ्यासोबत ड्रेसिंग करणारे टेकामभाऊ असतात. खाजरं कुत्रं आलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "काय खातो हा?" आणि उत्तरही ठरलेलं, "काहीच खात नाही जी!"

काहीच न खाणारा तो चाळीस किलोचा देह टेबलावर चढवताना टेकामभाऊंची कंबर धरते.

*

मागच्या वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू व्हायच्या आधी सयाबाई मडावी आली. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, शेतात मजुरीला, जिथे सयाबाई तिथे तिचा भुऱ्या. पण त्या दिवशी भुऱ्याची पाठ उघडी पडली होती, कान खाजवून खाजवून लाल झाले होते. खरूज नव्हती, गोचीड नव्हते. आधी दोनदा औषध देऊन झालं होतं, ते संपलं की खाज परत हजर. म्हणजे संशय खाण्यावर.

"मॅडम, सुनेले सातवा महिना लागला," सयाबाई म्हणाली. "पोरगा म्हनते, पोळ्यापर्यंत ह्याचे केस नाही आले तर ट्रकमंधी टाकून रायपूरकडं सोडून येतो." आणि पदराने डोळे पुसायला लागली. पोराचंही खोटं नव्हतं, घरात बाळ येणार होतं.

मी तिला समजावलं. भुऱ्याने आजवर कधीच खाल्लं नाही असं काहीतरी आठ आठवडे द्यायचं, दुसरं काही नाही. खाज थांबली तर समजायचं, दोष जुन्या खाण्याचा.

"कोंबडी खातो?"

"खाते."

"मासे?"

"काटे काढून देतो मी."

"अंडी? दूध? लाखोळीची डाळ?"

"मी खातो ते सगडं खाते जी तो. त्याले वेगडं कायले शिजवू?"

मी डोक्याला हात लावला. शेवटी टेकामभाऊंनी विचारलं, "बाई, तुह्या घरी असं काय हाय, जे कधीच शिजत नाही?"

सयाबाईने बराच विचार केला. "सोयाबीनच्या वड्या. आमच्या म्हाताऱ्याले त्याचा वास सहन नाही होये. तो गेला, पन मी काही आनल्या नाही."

झालं! मेडिकलच्या पुस्तकात जे सापडलं नाही ते म्हाताऱ्याच्या नाकाने ठरवून दिलं. भात, नुसत्या उकडलेल्या वड्या, वरून चमचाभर जवसाचं तेल. मीठ नाही, तिखट नाही, मसाला नाही आणि दुसऱ्या कशाचा एक घाससुद्धा नाही.

"नाही देत जी. आईची आन!"

*

त्याच दिवसांत कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्याचा शेरू आला. ट्रकवाल्यांच्या बटर चिकनवर पोसलेला, तंदुरी रोटीसारखाच जागोजागी काळा पडलेला. मी म्हटलं, "ग्राहकांना सांगा, ह्याला काही टाकू नका."

"किस-किस को बोलूँ मॅडम? इथं दिवसभर गाड्या थांबून राहिल्या!"

मीच आयडिया दिली. शेरूच्या गळ्यात पाटी टांगा. त्याने इमानदारीने टांगली: "मुझे खाना मत दो. डॉक्टर ने मना किया है."

पंधरा दिवसांनी शेरू परत आला. खाज दुप्पट, वजन दोन किलोने जास्त! पाटी वाचून एकूण एक ड्रायव्हरला त्याचा कळवळा आला होता. एक सरदारजी तर ढाबेवाल्यावर चिडले, "शरम नहीं आती? बेजुबान को भूखा रखता है और नाम डॉक्टर का लगाता है!" आणि स्वतःची अख्खी प्लेट त्याच्यापुढे ठेवून निघून गेले.

*

आमच्या तालुक्यातले एक रिटायर्ड गुरुजी मात्र नियमाचे पक्के. त्यांनी पामेरियनसाठी नागपूरहून महागडं खाद्य मागवलं, पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं, वहीत रोजचं माप लिहिलं. तरी खाज तशीच. मी वही तपासली. एक चूक नाही!

"गुरुजी, ह्याच्याशिवाय काहीच देत नाही?"

"कणभर नाही."

तेवढ्यात गुरुजींनी खिशातून ग्लुकोजचं बिस्कीट काढलं, अर्धं मोडलं, पामेरियनच्या तोंडात घातलं.

"गुरुजी! हे काय?"

"हे बिस्कीट आहे." गुरुजी माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच वर्गात नापास झाले. "ते खाण्यात कुठं येते मॅडम? ते तर चहासोबतचं असते!"

*

तीन आठवड्यांनी सयाबाई भुऱ्याला घेऊन आली. पाठ तशीच. माझं डोकं सणकलं.

"सयाबाई, खरं सांग. काय दिलंस?"

"वड्या न् भात. आईची आन घेतलो ना मी!"

टेकामभाऊ हळूच म्हणाले, "तू नाही देल्लीस. पन रोवण्यावर कोन देऊन राहिलं?"

मग निघालं सगळं. रोवण्याच्या टोळीत अकरा बाया. दुपारी बांधीवर, धानाच्या खाचराच्या कडेला, डबे उघडले की भुऱ्या मधोमध बसणार आणि प्रत्येक बाई आधी त्याला एक घास टाकून मग स्वतः जेवणार. तो जंगलात सगळ्यांच्या पुढे चालतो, काही दिसलं की भुंकून थांबवतो, म्हणून त्या टोळीची ती रीतच पडलेली. म्हणजे रोजचे अकरा घास! त्यात झिंग्याची चटणी, अंडं, कोंबडीचा रस्सा, सगळं आलं.

"मग त्याला घरी बांध."

"मी रोवण्यावर अन् तो घरी? पोरगा त्याच दिवशी सोडून येईन जी!"

"मग बायांना सांग, देऊ नका."

"सांगतो," ती म्हणाली. पण तिचा आवाजच सांगत होता की हे होणं नाही. पोळ्याला पाच आठवडे उरले होते. मी चिडून बोलले, "तुमच्या ह्या लाडानेच जाईल एक दिवस तो!" ती भुऱ्याला घेऊन उठून गेली. दिवसभर मला ते वाक्य डाचत राहिलं.

*

गोंदियाच्या एका शेठजींचा लॅब्राडोर पनीर आणि तुपातली पोळी खाऊन खाजरा झालेला. त्याला मी मासे-भात सांगितला. शेठजी खुर्चीतून अर्धे उठले.

"मछली? मॅडम, हमारे घर में लहसुन नहीं आता!"

पण जीव कुत्र्यात अडकलेला. त्यांनी नागऱ्याकडच्या एका मासे विकणाऱ्या बाईंशी ठरवलं. रोज सकाळी शेठजी गाडी घेऊन जायचे, कुत्रा बाईंच्या अंगणात मासे-भात खायचा, शेठजी काचा वर करून, नाकाला रुमाल लावून गाडीत बसायचे. दोन महिन्यांत कुत्रा चकचकीत झाला.

एकदा त्यांच्या सौभाग्यवती दवाखान्यात भेटल्या. कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, ये तो एकदम बदल गये! रोज नागरा जाते हैं, शिवजी के दर्शन को. और मोती को भी साथ ले जाते हैं!"

मी मोतीकडे पाहिलं. त्याने जीभ फिरवली.

*

दुसऱ्यांवर हसले, आता स्वतःचंही सांगते. एका फॉरेस्ट गार्डच्या कुत्र्याला मी महिनाभर खाणं बदल, तेल बदल, भांडं बदल करायला लावलं. रोज फोनवर लेक्चर. शेवटी एका सकाळी टेकामभाऊंनी त्या कुत्र्याची शेपटी वर केली, केस बाजूला केले आणि म्हणाले, "मॅडम, जरा चष्मा लावून पाहा जी."

पिसवा! अख्खं गोकुळ नांदत होतं. मी त्या गार्डची मनापासून माफी मागितली. तो भला माणूस म्हणाला, "असू द्या मॅडम. त्या निमित्तानं घरातलं तेल तरी बदललं."

*

पोळा आठवड्यावर आला आणि सयाबाईचा पत्ता नव्हता. मला राहवेना. तिच्या गावी एका गाभण म्हशीला बघायला गेले, तशीच टेकामभाऊंना घेऊन शेताकडे वळले. त्या वर्षी रोवणा लांबला होता, शेवटची बांधी चालू होती. दुपारची वेळ, बाया हात धुऊन नुकत्याच बसलेल्या. मधोमध भुऱ्या. आणि भुऱ्याच्या पाठीवर नखभर तांबूस केस!

मला इतका आनंद झाला की मी चिखलातच धावले. मग पाहते तर प्रत्येक बाई डब्यातला पहिला घास उचलून भुऱ्यापुढे टाकते आहे. एक, दोन, तीन...

"अहो बायांनो! सांगितलं होतं ना!"

मी जवळ जाऊन डब्यांत डोकावले. सयाबाईचा डबा पाहिला, शेजारणीचा पाहिला, मग तिच्या शेजारणीचा. अकराही डब्यांत भात आणि उकडलेल्या वड्या. पांढऱ्या फटक. टोकाला सयाबाईचा पोरगा बसला होता, रोपांच्या जुड्या टाकायला आलेला. त्याच्याही डब्यात तेच. एकेक घास तो पाण्यासोबत गिळत होता.

टेकामभाऊंनी विचारलं, "काऊन वो बायांनो, सगड्याइनंच वड्या?"

टोळीची म्होरकी कमळाबाई. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याच्या तोंडापुढं बसून खाऊ आन् त्याले नाही देऊ? असं नाही जमत जी आमाले."

मी डोळे पुसले, बांधीवर जागा पाहून बसले आणि पिशवीतून माझा डबा काढला. कमळाबाईने घास तोंडाशी थांबवला.

"काय हाय त्याच्यात?"

"वांग्याची भाजी, पोळी."

"मंग थ्या पळसाखाली जाऊन बसा मॅडम."