इंजिनावरच्या अक्षता

बाबांची मोटरसायकल धूर ओकायला लागली तेव्हा मी सरळ म्हटलं, दुकानात द्या. समता कॉलनीजवळ एक चांगलं दुकान आहे, चार दिवसांत इंजिन नवं करून देतात. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी आईलाच दुरुस्तीला टाका म्हणाले होते.

ती गाडी त्यांनी कारखान्यात नोकरी लागल्यावर घेतली. कारखान्याच्या वाटेवरची बीरगांवची धूळ खाता खाता तिच्या मीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले, पण इंजिनाला बाबांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आता निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते तो खिशात ठेवून बोलत, चहा डाव्या हाताने घेत, जेवायला आमच्या नंतर बसत. आई आणि मी त्यावर अवाक्षर काढत नसू. इंजिन घरीच उघडायचा हट्ट त्या हातासाठी होता, हे मला कळत होतं. म्हणून मी वाद घातला नाही.

सिलिंडर तेवढा बोअरिंगला बाहेर दिला, त्याला लेथ लागते. बाकी काम मागच्या व्हरांड्यात, जुन्या चादरीवर. काढलेले नट फराळाच्या डब्यांच्या झाकणांत ओळीने मांडलेले. नवा रायपूरच्या ऑफिसातून आले की मी त्यांच्याजवळ बसायची. एकेक नट हाती धरायला त्यांना वेळ लागे, तेव्हा मी मुद्दाम तुळशीकडे बघत बसे.

त्यातच खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं वापरायची नाहीत, पुजायची. आईने पाने, हातोडी, पेचकस पाटावर मांडून पूजा केली आणि मग तिला वाटलं, बिचारं इंजिनच राहिलं. धूळ जाऊ नये म्हणून बाबांनी सिलिंडर काढून उघडं पडलेल्या त्याच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. तिने ते अदबीने बाजूला केलं, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि फडकं होतं तसं पुन्हा बसवलं.

दसरा झाल्यावर बाबांनी फडकं काढलं. काठावर कुंकू, आणि आत खोल लाल तांदूळ. त्यांनी मला हळूच हाक मारली. रॉकेल ओतून थोडे दाणे निघाले, पण एखादा जरी तेलाच्या वाटेत अडकला तर सगळी मेहनत पाण्यात. पूर्ण इंजिन फोडायला हवं होतं, आणि घट्ट बसलेले भाग ओढून काढायचा पुलर दुकानातच मिळणार.

माझं डोकं फिरलं. मी स्वयंपाकघराकडे निघाले तशी बाबांनी माझं मनगट धरलं, उजव्या हाताने. ती थरथर मला पहिल्यांदा अंगावर जाणवली.

"तिले सांगू नको," ते म्हणाले. "लय मनाले लावून घेईल."

मग तेच आत गेले. आई भाजी निवडत होती. मी दारात उभी राहिले.

"इंजिन दुकानात देऊन टाकतो," बाबा म्हणाले. "क्लिप पडली आत. हात हालून राहिला न माहा."

आणि वर्षभर खिशात लपवलेला तो हात त्यांनी तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. तो हलत होता. इतके दिवस ज्याच्यासाठी ते झगडत होते, ते त्यांनी तिच्या एका पूजेसाठी सोडून दिलं होतं.

आईने भाजी बाजूला सारली आणि आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"मंग काय झालं," ती म्हणाली. "दुकान कायले असते?"

गाडी दुकानातून आली, आता धूर सोडत नाही. अक्षतांचं आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. बाबा चहा उजव्या हाताने घेतात. आई कप अर्धाच भरते, आणि तो संपला की न विचारता पुन्हा अर्धा.