थांबायला शिकलेली संध्या

आमच्या समोरच्या दारातली संध्या जपानला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर निघाली, तेव्हा शांती नगरातल्या अर्ध्या सेक्टरने तिला अक्कल शिकवली. मीही शिकवली. पोरगी मुळात मायाळू, भाषा येवो न येवो, म्हाताऱ्यांना जीव लावेल, असं मी तिच्या आईला, भीमाबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. तिथे नेमकं तेच नडलं.

तिच्या वृद्धाश्रमात कानेको नावाच्या एक आजी होत्या. थरथरत्या बोटांनी स्वेटरची बटणं लावत बसायच्या. संध्याला ते बघवेना. एका सकाळी तिने पटापट सगळी बटणं लावून दिली. आजींनी मान लववून आभार मानले, मग एकेक बटण काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. तिथली मुख्य बाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना हात आहेत."

हे फोनवर सांगताना संध्या रडत होती. "मावशी, आपल्याकडे असं नुसतं बघत उभं राहिलं ना, तर लोक तोंडात शेण घालतील."

"मग ये परत," मी म्हटलं. सल्ला द्यायला माझं काय जातंय!

ती आली नाही. सुरुवातीला हात मागे बांधून उभी राहायची, कारण मोकळे सोडले की ते आपोआप पुढे जायचे. घास सांडला तरी थांबायचं, चप्पल उलटी घातली तरी थांबायचं. हळूहळू कानेको आजी बटणं लावायला बसल्या की तिलाच शेजारी बोलवायला लागल्या. तेव्हा कुठे आपलं काम काय आहे ते कळलं, असं ती म्हणते.

यंदा ती सुट्टी काढून आली, कारण भीमाबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात धड उचलत नव्हता. वापरला तर परत येईल, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण वापरू देणार कोण? सून रश्मी लेकराला भरवावं तसं दोन्ही वेळा त्यांना भरवायची आणि सगळी बिल्डिंग तिचं कौतुक करायची.

संध्याने आल्या दिवशी ताट आईपुढे ठेवलं आणि समोर बसली.

"भरव की गं," भीमाबाई म्हणाल्या.

"तू खा आई. मी बसलेय इथेच."

वरणभात पदरावर सांडला. भीमाबाईंचे डोळे भरून आले. रश्मी धावली, तर संध्याने तिलाही अडवलं. "वहिनी, प्लीज. थांब जरा."

"परदेशात जाऊन दगड झालीस तू," भीमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. मलाही तिचा असा राग आला की खाली बाकड्यावर बसून मी चारचौघींत तिला नावं ठेवली. ती मात्र रोज ताट घेऊन समोर बसायची. जेवण गार झालं की गरम करून आणायची, पुन्हा बसायची. आई बोलत नव्हती, पण जेवत होती.

जायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेले, तेव्हा तिचा भाऊ समाधान बॅगा खाली नेत होता. भीमाबाई जेवत होत्या, संध्या समोर. भीमाबाईंनी घास केला, पण स्वतःच्या तोंडाकडे नेला नाही. हात थरथरत लेकीच्या तोंडाकडे निघाला. अर्धा भात वाटेतच सांडला. त्यांचं मनगट धरायला मी पुढे झाले.

"मावशी, नको," संध्या म्हणाली. ती पुढे वाकलीसुद्धा नाही. खालून टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि ती तोंड उघडून बसून राहिली, डोळ्यांतलं पाणीही न पुसता, आईचा हात पोचेपर्यंत.