फक्कीनं आखलेलं घर

"चालून बघा. कागदावर कुनाचेच गुडघे दुखत न्हाईत."

कुणी घराचा नकाशा पुढे केला की मिस्त्रीचाचा आधी हे म्हणत. मग नकाशाची गुंडाळी काखेत मारून चुन्याच्या फक्कीचं घमेलं उचलत. आमच्या गावी, कुरुंद्यात, ज्यांनी त्यांच्याकडून घर बांधून घेतलं, त्यांना पुढचं ठाऊक आहे. मोकळ्या जागेवर नकाशातलं घर खऱ्या मापानं आखायचं आणि घरच्यांनी अर्धा दिवस त्यात वावरायचं. बाईनं नसलेल्या ओट्यापाशी भाकरी थापायची, बाप्यानं नसलेल्या दारातून आत यायचं. रेघेवर पाय पडला की चाचा ओरडत, "भिंतीतून चाललात राव! भूत हाव का?"

आमच्या शाळेतले एक गुरुजी असेच आपल्या फक्कीच्या घरात शिरले आणि स्वयंपाकघरातून निघालेल्या बायकोला धडकले. दोघांची तिथंच जुंपली. चाचांनी पायानं रेघ पुसली, दार हातभर सरकवलं. म्हणाले, "आता भांडा. सिमिट पडल्यावर भांडला असता तर जनमभर भांडला असता."

माझं घर चाचांनी बांधलं नाही. मी अठरा वर्षांपासून मेलबर्नला आहे. तिथं आम्ही घर बांधायचं ठरवलं आणि आर्किटेक्ट नवरा-बायकोच्या एका जोडीकडे काम दिलं. माणसं कष्टाळू होती. तुम्ही उठता किती वाजता, ओले कपडे कुठे वाळत घालता, फोडणीचा वास कुणाला सहन होत नाही, असलं सगळं त्यांनी विचारून लिहून घेतलं. पहिल्याच भेटीत त्या बाईंनी विचारलं, घरात किती माणसं राहणार?

"चार," मी म्हणालो. बायको, दोन मुलं आणि मी. उत्तर द्यायला मला क्षणभरही वेळ लागला नाही.

त्या डिसेंबरात नकाशा घेऊन मी एकटाच कुरुंद्याला आलो. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहते. हळद निघायला वेळ होता, घरामागचं वाळवणाचं पटांगण रिकामं होतं. चाचा आले, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ऊन कुनीकडून येतंय तिकडं?"

"तिकडं सूर्य उत्तरेकडून जातो, चाचा."

"उगवतो तर पूर्वेलाच ना?"

"व्हय."

"मग बराबर हाय," म्हणून त्यांनी फक्की हाती घेतली.

घर आखून होत आलं तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली. "माझी खोली कोन्ती रे?"

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मला तेव्हाही कळत होतं. मी माझ्या कामाच्या खोलीकडे बोट केलं. "ही. खालीच हाय, जिना चढायचं काम न्हाई."

चाचांनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण नकाशात जिथं माणूस झोपणार तिथं खाट काढलेली असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या खोलीत टेबल आणि खुर्ची होती.

त्यांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. घरात जाऊन आईची बाज उचलून आणली आणि त्या खोलीत टाकली. "या भाबी. पडून बघा. उशाला पूर्व ठिवली हाय, खिडकी पाडू इथं."

आई रेघेपाशी थांबली. तिनं चप्पल बाहेर काढली, आणि मगच आत पाऊल टाकलं. बाजेवर बसून मला म्हणाली, "मोकळी हाय रे खोली. एवढी कशाला केली?"

त्या फक्कीच्या घराचा फोटो काढून मी कौतुकानं आर्किटेक्टना पाठवला. दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. तुमच्या कामाच्या खोलीत पलंग दिसतोय. आईंसाठी खोली हवी आहे का? अजून बदलता येईल, फारसं अवघड नाही.

"नाही नाही," मी म्हणालो, "ती आमच्याकडची एक पद्धत आहे, एवढंच."

यात बायकोला दोष देऊ नका. तिला मी विचारलंच नव्हतं.

घर उभं राहिलं. आईला मी कधी थंडीचं कारण सांगितलं, कधी व्हिसाचं. चाचांचा मात्र दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा. पाया भरला का, स्लॅब पडला का. तिथं लाकडाचं घर बांधतात म्हटल्यावर खूप हसले. "मग त्ये घर न्हाई, कपाट हाय!" आणि फोन ठेवता ठेवता दर वेळी एकच प्रश्न. "भाबीच्या खोलीची खिडकी पूर्वेलाच ठिवली ना?"

"व्हय चाचा."

"बराबर," ते म्हणायचे आणि जरा थांबायचे. ते का थांबायचे, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या थंडीत चाचा गेले. आईनंच फोनवर सांगितलं. मार्चमध्ये मी गावी आलो, त्या डिसेंबरानंतर पहिल्यांदाच, बॅग ठेवायला आईच्या खोलीत शिरलो आणि दारातच उभा राहिलो. ती खोली जन्मापासून अंधारी. दिवसाही दिवा लावावा लागे. आता पूर्वेच्या भिंतीत खिडकी होती. तिच्या गजांचा रंगही जुना झाला होता.

"ही कधी पाडली?"

"तू नकाशा घिऊन आला व्हता ना, तू गेल्यावर आठ दिसांनी. मिस्त्रीभाऊ घन घिऊनच आले. म्हनले, तुमच्या पोरानं सांगितलंय."

मी 'व्हय' म्हणणारच होतो. इतकी वर्षं तोंडाला तोच शब्द बसला होता.

"न्हाई आई. मी न्हाई सांगितलं. आन् तिकडच्या घरात तुझी खोली पन न्हाई. मी खोटं बोललो."

आई बाजेवरची चादर झटकत होती. ती थांबली नाही. "तुला खिडकी सुचली असती व्हय रे?" एवढंच म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मी बाजेवर पडून पाहिलं. खिडकी नेहमीपेक्षा हातभर खाली होती, पडल्या पडल्या बाहेरचं दिसेल अशी. समोर ते पटांगण होतं. त्यावर हळद वाळत घातली होती आणि बाजूला आईची चप्पल काढून ठेवलेली होती.